कव्हरखाली साचलेल्या सातशे लिटर पाण्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
दिनांक १८ ऑगस्ट २०२५

विषय : ट्रेलरवरील बोटीचे कव्हर सदोष असल्याबाबत आणि नुकसानभरपाईबाबत

महोदय,

माझ्या १८ फुटी फायबर बोटीसाठी एप्रिलमध्ये मी आपल्याकडून मापाप्रमाणे शिवलेले ‘शंभर टक्के जलरोधक’ कव्हर मागवले. वीस हजार रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, असे २३,६०० रुपये आगाऊ भरले. ७ जुलैला सकाळी त्याच कव्हरखाली माझ्या बोटीत सुमारे सातशे लिटर पावसाचे पाणी निघाले. आपल्याला तीन ईमेल केले. त्यातल्या दोन ईमेलना जी उत्तरे आली ती वाचून हे सविस्तर पत्र लिहावे लागत आहे.

माझा धंदा पर्यटकांना डॉल्फिन दाखवण्याचा आणि संगमावर फिरवून आणण्याचा. बोट एकच, चालवणाराही मीच. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात बोट इथे ठेवली तर आज आहे, उद्या नाही. म्हणून मेअखेरीस फेऱ्या बंद झाल्या की ट्रेलर जोडून ती आत, कट्टा गावी मामेभावाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात नेतो. इंजिन आणि बॅटरी उतरवून घरी आणतो. म्हणजे तीन महिने उघड्यावर राहते ती फक्त बोट, आणि तिच्यावर आपले कव्हर.

आधी उशिराबद्दल. आपण १० मेचा वायदा केला होता, पार्सल आले २३ मेला. दक्षिण कोकणात मान्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण यंदा तो २५ मेलाच दाखल झाला. त्यामुळे तुमचे कव्हर कोरडे असताना एकदा घालून बघायचे, काही चुकले तर परत पाठवायचे, हे राहूनच गेले. पहिल्यांदा बांधले तेच पावसात, चिखलात उभे राहून. वडील सोबत होते. त्यांनी कव्हरभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “ह्यां पाणी अडवूक हा की साठवूक?” त्या दिवशी मी हसलो होतो.

कापडाबद्दल माझी तक्रार नाही. पीव्हीसीचा थर चांगला आहे, कुठे फाटलेला नाही. तक्रार आहे आकाराबद्दल. आपल्या मापाच्या फॉर्मवर लांबी विचारली होती, रुंदी विचारली होती, इंजिनची उंचीही विचारली होती. मधला कणा किती उंच हवा, हा प्रश्नच नव्हता. त्यामुळे कव्हर बेतले गेले ते बोटीच्या काठांवर सपाट बसेल असे. मध्ये टेकू म्हणून छत्रीसारख्या टोपीची एकच अॅल्युमिनियमची दांडी. दांडीच्या टोपीवर कापड उंच, आणि तिच्या पुढे-मागे काठापासून काठापर्यंत झोळी. कापडाचे दोन पट्टे जोडणारी लांब शिवण आपण घातली आहे नेमकी या झोळीच्या तळातून. पाणी जिथे हटकून थांबणार तिथेच सुईची भोके.

शिवण कशी गळते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. १५ जूनला काठाचा पट्टा सोडून आत डोके घातले. वर कापडावर पाणी होते, आणि खालून शिवणीच्या प्रत्येक टाक्याला एक थेंब लोंबत होता, पुढच्या बाकापासून मागपर्यंत सरळ ओळीत. एक पडला की पाचसहा सेकंदांत त्याच जागी दुसरा तयार. मी त्याच दिवशी आपल्या हेल्पलाइनला फोन केला. उत्तर मिळाले, पट्टे आणखी आवळा. आवळले. इलॅस्टिकची कड तेवढी ताणली गेली, झोळी होती तिथेच राहिली.

आता हिशेब सांगतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, म्हणजे एक किलो. माझ्या बोटीचा वरचा पसारा साधारण दहा चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पाऊस झाला की तिच्यावर एक टन पाणी पडते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. पासष्ट मिलिमीटरच्या पुढे सरकारदरबारी अतिवृष्टी लिहितात. इथे जुलैत तसा आठवडा गेला तर कोणी मुद्दाम सांगायलाही येत नाही. यातला दहावा हिस्सा जरी झोळीत थांबला, तरी त्या दांडीची काय कथा? ७ जुलैला ती आडवी पडलेली सापडली. कापड बाकांना टेकले होते आणि इलॅस्टिकची कड एका बाजूने काठावरून निसटून आत आली होती. त्यानंतरचा सगळा पाऊस थेट बोटीत.

पाणी मोजले कसे, असे आपण दुसऱ्या ईमेलमध्ये विचारले आहे. आत साडेचार मीटर लांब, सरासरी सव्वा मीटर रुंद आणि साडेबारा सेंटिमीटर खोल. गुणाकार आपणही करू शकता. बूच काढल्यावर अर्धा तास धार चालू होती. सोबत शेवटी पानांचा लगदा आणि दोन बेडूकही आले.

या बुचापाशीच माझी खरी तक्रार आहे. ट्रेलरवर बोट ठेवताना तळाचे बूच काढून ठेवायचे, नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, थोडी वर उचलायची आणि पाण्याला मागून वाट करून द्यायची, हे इथले शेंबडे पोरही जाणते. आत पाणी आले तरी ते निघून जाते. आपल्या माहितीपत्रकात मात्र सहाव्या क्रमांकावर छापले आहे की कीटक आणि ओलावा आत जाऊ नये म्हणून ड्रेनप्लगसह बोटीची सर्व छिद्रे बंद ठेवावीत, अन्यथा वॉरंटी रद्द होईल. वॉरंटीच्या भीतीने मी बूच लावले. इतक्या वर्षांचे शहाणपण गुंडाळून एका छापील ओळीवर विश्वास ठेवला, ही माझी चूक, आणि ती मी मान्य करतो. पण ती ओळ आपली आहे. वरून गळणारे कव्हर आणि खालून बंद केलेला तळ, म्हणजे आपण मला बोटीचे नव्हे, हौदाचे सामान विकले.

सातशे किलो म्हणजे माझ्या रिकाम्या बोटीपेक्षा जास्त वजन. पाण्यावर असताना बोटीला खालून सगळीकडून आधार असतो. ट्रेलरवर तिचा सगळा भार दोन फळ्यांवर आणि एका रोलरवर. त्यात ट्रेलरचे डावे चाक रिमपर्यंत मातीत रुतले आणि बोट त्या बाजूला कलली. उजव्या फळीच्या टोकाशी तळाला हातभर लांब चीर गेली आहे. ट्रेलरचे स्प्रिंगचे पाटे सपाट झाले. आत पाय ठेवायच्या पाटाखालचे प्लाय फुगले असून चालताना पाय दबतो. मालवणच्या कारागिराने तळाचे फायबर आणि पाटाचे काम मिळून १४,५०० रुपये सांगितले आहेत. त्याचे लेखी अंदाजपत्रक, बिल, माहितीपत्रक आणि सर्व फोटो सोबत जोडले आहेत.

आता आपल्या उत्तरांकडे येतो. पहिले उत्तर : पाणी साचणे हा वापरातील दोष आहे, कव्हरचा नाही. जे कव्हर फक्त पाणी न साचल्यास जलरोधक असते, ते कोरड्या दिवसांत माझ्या धोतराचेही काम करील. दुसरे उत्तर : बोट व्यावसायिक वापराची असल्याने आपण ग्राहक ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(७) चे स्पष्टीकरण कृपया वाचावे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यावसायिक हेतूत धरली जात नाही. माझी एक बोट आणि माझे दोन हात, यापलीकडे माझी कंपनी नाही. तिसऱ्या ईमेलला उत्तर आलेच नाही. त्याऐवजी कुरिअरने सिलिकॉनची एक ट्यूब आली, ‘सदिच्छा भेट’ म्हणून. कुरिअरचे ऐंशी रुपये माझ्याकडून घेतले.

बोट आज कोरडी आहे. नाळेपासून मागपर्यंत काठाच्या वर तीन फूट उंचीवर आडवा बांबू टाकला, त्यावर साधी निळी ताडपत्री आणि तिच्यावर चुडताचे, म्हणजे माडाच्या झावळ्यांचे झाप. ताडपत्रीच्या कडांना पाण्याने भरलेल्या बाटल्या टांगल्या. वारा आला की त्या हलतात, पण कड सुटत नाही. पुढची-मागची तोंडे उघडी ठेवली, त्यामुळे आत बुरशीचा वास नाही. ट्रेलरचे पुढचे चाक जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवले, बूच काढले आणि त्या भोकाला जाळ्याचा तुकडा बांधला, पाने आणि बेडूक अडतील एवढा. एकूण खर्च १,९०० रुपये. आपले कव्हर याच बांबूवर घालून पाहिले, तर दोन्ही बाजूंना काठापर्यंत हातभर कमी पडते. सपाट मापात कापलेले कव्हर उताराला पुरणार कसे?

माझी मागणी अशी. कव्हरचे २३,६०० रुपये परत करावेत आणि दुरुस्तीचे १४,५०० रुपये द्यावेत. ट्रेलरच्या पाट्यांचा खर्च मी सोसतो, ते जुने होते. माहितीपत्रकातली सहावी ओळ काढावी आणि ज्यांनी ज्यांनी हे कव्हर घेतले आहे त्यांना बूच काढून ठेवण्याचा मेसेज करावा. पाऊस अजून दीड महिना आहे. एवढे एक काम माझे पैसे मिळण्याची वाट न पाहता आजच्या आज करा.

२७ ऑगस्टला गणपती आहेत. चाकरमानी येतील, त्यांच्यामागून पर्यटक, आणि तोवर माझी बोट पाण्यात हवी. म्हणून पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे. न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

कव्हर मामेभावाच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपीत, घडी करून ठेवले आहे. ते नेण्यासाठी माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करावा. वाळवून देण्याचे मात्र जमणार नाही. इथे पाऊस अजून उघडलेला नाही.

आपला,
एक ग्राहक