अण्णा, रानांची नावं बोलून पाठवा

ती. अण्णा आणि आईस सा. न.,

परवा फोनवर विचारलंत की नकाशाचं काम म्हणजे नक्की करतोस काय, तेव्हा मी बसमध्ये होतो, म्हणून आता निवांत लिहितो.

ऑस्ट्रेलियात आमच्या अ‍ॅडलेडची ही सगळी सपाटी मूळची इथल्या कौर्ना आदिवासी लोकांची. त्यांची भाषा लहानपणापासून बोलणारी शेवटची म्हणून इव्हारिची नावाच्या बाईंचं नाव घेतात, त्या 1929 ला वारल्या. मग उरलं काय, तर श्युरमान आणि टाइखेलमान ह्या दोन जर्मन मिशनऱ्यांनी 1840 मध्ये छापलेलं व्याकरण आणि साधारण 2000 शब्द, आणि गावांची नावं. ती नावं तर रोज बसच्या पाटीवर दिसतात पण कुणी वाचत नाही. आम्ही ती नकाशावर नीट बसवतोय, मूळ उच्चार, अर्थ, कुठल्या कागदात सापडलं ते सगळं.

आता गंमत ऐका. इथं एक नोर्लुंगा आहे. मूळ नुळुंग्गा, नुळु म्हणजे वळण आणि शेवटचं 'ंग्गा' म्हणजे आपला सप्तमीचा प्रत्यय, थोडक्यात 'वळणावर'. नदी तिथं खरंच घोड्याच्या नालेसारखी वळते, आपल्या वाकण फाट्याचा भाऊच म्हणा. म्हणजे कसं, पाव्हणं कुठं असता, तर वाईत, आणि साहेबानं नकाशावर गावाचं नाव 'वाईत' छापून टाकावं तसं! विलुंगा, आल्डिंगा सगळ्यांच्या शेवटी तेच शेपूट. एकदा कळलं की पाट्या वाचता वाचता व्याकरण शिकतो माणूस.

डोंगरात युरेडला म्हणून गाव आहे, मूळ युर्रिडला, म्हणजे 'दोन कान'. एक राक्षसासारखा पूर्वज तिथं पडला, त्याचं अंग म्हणजे ही डोंगररांग आणि दोन शिखरं त्याचे कान. नुसतं 'एकापेक्षा जास्त' नाही हं, नेमके दोन, संस्कृतसारखं द्विवचन आहे ह्यांच्यात! आणि वर्री म्हणजे वारा. योगायोग आहे, तुम्ही लगेच देवळात बसून नातं लावू नका.

ऑफिसातल्या गोऱ्यांना ळ आणि ण जमता जमत नाहीत, माझ्याकडनं म्हणवून घेतात, इतक्या वर्षांत माझ्या मराठीला इथं पहिल्यांदाच भाव आला. पण नाव मंजूर करायचं काम कौर्ना लोकांचंच, त्यांची कौर्ना वर्रा पिंत्यांथी म्हणून समिती आहे, आणि अर्थ पक्का नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा, अंदाजपंचे काही भरायचं नाही. मला हे फार आवडलं. त्या मिशनऱ्यांनी कान देऊन लिहिलं तरी कुठला र आणि कुठला ळ हे सगळीकडं धड कळत नाही, ते आता शेजारच्या भाषांशी ताडून ठरवावं लागतं.

म्हणून एक काम सांगतो. आपल्या शिवारातल्या रानांची नावं, वड्याकडचं, गोठणीचं, आणखी काय काय असतील ती, सातबाऱ्यावर तर बहुधा गट नंबरच बघायला मिळतो. टाइप करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवा. तात्यांना पण बसवा शेजारी, म्हसोबाचं टेक नक्की कुठलं ते त्यांनाच ठाऊक, आणि तुमचं दोघांचं भांडण झालं तर ते पण रेकॉर्ड होऊ द्या.

आईला सांगा गोधडी पोचली, इथं थंडी सुरू झालीय.

तुमचा
बाळू