वहिनी, आयांना दाराबाहेर ठेवू नका

ग्लुस्टर, इंग्लंड
बुधवार, रात्री

प्रिय वहिनींस,

प्रभूच्या नावात सलाम. आई-पप्पांना आणि दादाला सलाम, छोट्याला पापा.

आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तुम्हाला पाच वर्षांखालच्या मुलांचा वर्ग घ्यायला सांगितलाय, हे रविवारी फोनवर कळलं तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. त्या दिवशी धड बोलणं झालं नाही, म्हणून सावकाश लिहिते.

“आया मुलांना आमच्याकडे सोडतील आणि उपासनेत निवांत बसतील,” असं तुम्ही म्हणालात. त्यात चूक काही नाही. पण आठवड्यातून एकदा तरी, शनिवारी दुपारी म्हणा, आयांना मुलांबरोबर सतरंजीवर बसवा. जमेल त्या बापांना बसवा, आज्यांना बसवा. दोन वर्षं इथल्या चर्चच्या हॉलमध्ये दर बुधवारी लहान मुलांचा गट चालवून मला खरं समजलं ते एवढंच.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी यायला लागली. विशीतली, कडेवर सव्वा वर्षाचं बाळ. दाराशेजारच्या खुर्चीवर बसायची, कोट अंगातच, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. तीन बुधवार मी चहा नेऊन दिला, ‘थँक यू’पलीकडे शब्द नाही. मीही चर्चला येता का वगैरे काही विचारलं नाही. चौथ्या बुधवारी बाळाने खेळायच्या पिठाच्या गोळ्यात बोटं खुपसली आणि तिच्या बाहीला पुसली. तो गोळा मी आईने पाठवलेली सांगलीची हळद घालून पिवळा केला होता. हळदीचा डाग, वहिनी, तोही फिक्या कोटावर! मी साबण घेऊन धावले. तिने कोट काढला, आणि बाही चोळता चोळता रडायलाच लागली. बाळ झाल्यापासून दिवसच्या दिवस मोठ्या माणसाशी बोलणं होत नाही, म्हणाली. डाग काही पूर्ण गेला नाही. आता तीच दारात उभी राहून नव्या आयांची नावं लिहून घेते.

तुम्ही म्हणाल, इकडे घरात सासू, नणंदा, जावा, एकटं कोण असतं? कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आलेल्यांची बिऱ्हाडं बघा, एका खोलीत नवरा-बायको-मूल. आणि एक सांगू? छोटा झाला तेव्हा मी सुट्टीवर आले होते. दुपारी सगळे झोपले की तुम्ही गच्चीवर जाऊन रडायचात. मी जिन्यातून पाहिलं होतं आणि मुकाट्याने खाली गेले. घर भरलेलं होतं आपलं. त्या दिवशी वर यायला हवं होतं मी.

संडे स्कूलची पद्धत सगळीकडे पसरली ती ह्याच गावातून. 1780 साली रॉबर्ट रेक्स ह्यांनी इथल्या गरीब मुलांसाठी शाळा काढली. आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांना रविवारच काय तो मोकळा, म्हणून त्या दिवशी अक्षरओळख आणि बायबलचं वचन. त्या मुलांना तेच हवं होतं. आपल्याकडेही तोच साचा आला: ओळीत बसा, वचन पाठ करा, आईबाप बाहेर. सात-आठ वर्षांच्या मुलाला तो चालतो. दोन वर्षांचं मूल मात्र आईच्या मांडीवरूनच जग बघतं. इथे 2004 साली पोर्ट्समथजवळच्या एका चर्चने ‘मेसी चर्च’ सुरू केलं, त्यात लहानमोठे सगळे मिळून हाताने काहीतरी करतात, उपासना करतात आणि एकत्र जेवतात. शुभवर्तमानातही बाळकांना प्रभूकडे कुणीतरी घेऊनच आलं होतं ना? शिष्यांनी अडवलं ते त्या आणणाऱ्यांना.

आमचा दीड तास असा जातो: पाऊण तास नुसता खेळ, मग खाऊ, मग टाळ्यांची गाणी, पाच मिनिटांची गोष्ट आणि दोन ओळींची प्रार्थना. गोष्ट पाच मिनिटांच्या वर नेऊ नका. नोहाच्या तारवात सगळे प्राणी चढवत बसले तर मुलं केव्हाच पांगतात. गोळ्याला दोन वाट्या मैदा, वाटीभर मीठ, चमचाभर तेल, लागेल तसं पाणी. मीठ भरपूर असतं, कुणी खाणार नाही ह्यावर डोळा ठेवा.

आता नर्स म्हणून सांगते, हे पाळाच. तासगावची द्राक्षं आली की खाऊला तीच येणार. प्रत्येक द्राक्ष उभं चिरून चार फोडी करा. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. भडंगातले शेंगदाणेही पाच वर्षांखाली नकोत. गरम चहा सतरंजीवर आणायचा नाही, ज्यांना प्यायचाय त्यांनी खिडकीजवळ उभं राहून प्यावा. मुलाला बाथरूमला त्याच्याच घरच्यांनी न्यायचं. कुठलाही मोठा माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटा नको, मग ते चर्च कमिटीतले वडीलधारे असोत की पाळकसाहेब. इथे गटात काम करणाऱ्या प्रत्येकाची आधी पोलिस रेकॉर्डची तपासणी होते. तिथे तशी सोय लगेच झाली नाही तरी दोन मोठी माणसं कायम हजर, एवढा नियम पहिल्या दिवसापासून लावा. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आणि दार. पहिल्याच वर्षी खुर्च्या आत घेताना मी मागच्या दाराची कडी लावायला विसरले. अडीच वर्षांचा एक मुलगा अंगणातून फाटकापर्यंत गेला. फाटकापलीकडे रस्ता. एका आजीने खिडकीतून पाहिलं म्हणून. तिने त्याला उचलून आणलं तेव्हा त्याच्या हातात ओली पानं होती आणि तो हसत होता. माझे पाय थरथरत होते. त्याच्या आईला मी सगळं खरं सांगितलं. ती पुढच्या बुधवारी आली, तेव्हा मला श्वास घेता आला. तेव्हापासून दार उघडायच्या आधी एकजण कड्या तपासते, आलेल्यांची नावं लिहिते, जाताना पुन्हा मोजते.

आपल्या हॉलचं मागचं दार पूर्वी सुतळीने बांधलेलं असायचं. अजून तसंच आहे का? शनिवारच्या आत दादाला तिथे पाठवून कडी बसवून घ्या, चांगली वरच्या बाजूला, मुलांचा हात पोचणार नाही अशी. खर्च मी पाठवते. आणि बसवली की मला फोटो टाका.

तुमची,
नणंद

ता. क. आईला सांगा, हळद संपत आलीय.