प्रतिपालकत्व मंजुरीचे ‘पॅकेज’ विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : ₹25,000 शुल्काचा परतावा आणि व्हॉट्सॲपवर मुलांचे फोटो पाठवल्याबद्दल लेखी खुलासा मिळणेबाबत

महोदय,

आम्ही पती-पत्नींनी आपल्या कंपनीकडून प्रतिपालकत्व (फॉस्टर केअर, म्हणजे दुसऱ्याचे मूल दत्तक न घेता काही काळ आपल्या घरी सांभाळणे) मंजुरीचे पॅकेज घेतले. पावती आणि जाहिरातीची प्रत सोबत जोडली आहे. महिन्याभरात मंजुरी, आवडीचे मूल आणि पुढे दत्तक पक्के, असे आपण त्यात छापले आहे. वर तान्ह्या बाळाचा फोटो! यातले काहीही देणे कंपनीच्या हातात नव्हते.

आम्ही जिल्हा बाल संरक्षण कक्ष या सरकारी कार्यालयात गेलो तेव्हा तिथल्या मॅडमनी सगळे शांतपणे समजावले. अर्ज थेट कक्षाकडे किंवा केंद्र सरकारच्या पोर्टलवर करायचा, मध्ये एजंट लागत नाही. समाजसेविका घरी येऊन घरातल्या सगळ्यांशी बोलतात, उत्पन्न, प्रकृती, पोलीस पडताळणी पाहतात. मूल कोणाकडे द्यायचे हा आदेश बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 44 नुसार बालकल्याण समिती देते आणि त्यानंतरही दर महिन्याला घराची पाहणी होते.

याच गृहभेटीच्या आधी आपल्या प्रतिनिधींनी आम्हाला सांगितले, “सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत हे बोलू नका, त्यांना चार दिवस गावी पाठवा.” आम्ही साफ नकार दिला. जे मूल आधीच एका घरातून उठून आले आहे, त्याला नव्या घरात कोण आहे हेसुद्धा खोटे सांगायचे?

दत्तकाचे आश्वासनही तसेच. केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिपालकत्व सहा वर्षांवरील मुलांसाठी आहे. मूल दोन वर्षे त्याच कुटुंबात राहिल्यावर दत्तकासाठी अर्ज करता येतो, पण ते कायद्याने दत्तकासाठी मुक्त असेल तरच. यातल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. आजार, तुरुंगवास, गरिबी यांमुळे ताटातूट झालेली असते आणि परिस्थिती सावरली की मुलाने आपल्या घरी परतावे हीच अपेक्षा असते. “दोन वर्षांनी तुमच्याच नावावर होईल” असे सांगून आपण त्या आईवडिलांचा हक्कच विकायला काढलात. आम्हाला मूल हवे आहे, पण कोणाच्या आईकडून ओढून आणलेले नको.

सर्वांत गंभीर बाब फोटोंची आहे. आपल्या प्रतिनिधींनी काही मुलांचे फोटो, नावे आणि वये पाठवून “यातले निवडा” असे लिहिले. ही मुले कोणत्या संस्थेतली? फोटो कोणी दिले? अशा मुलांची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 ने मनाई आहे आणि मुलांच्या खरेदी-विक्रीला कलम 81 खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, हे आपणास माहीत असायलाच हवे.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी, जाहिरात मागे घ्यावी आणि ज्यांच्याकडून असेच पैसे घेतले त्या सर्व कुटुंबांना खरी प्रक्रिया लेखी कळवावी. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू. फोटोंच्या बाबतीत मात्र आम्ही थांबलेलो नाही. ते संदेश, पाठवणाऱ्याच्या मोबाइल क्रमांकासह, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे दिले आहेत. आपला खुलासाही तिकडेच सादर करावा आणि प्रत आम्हाला पाठवावी.

आमचा अर्ज आता आम्ही स्वतः भरला आहे. आमच्या नावाने आपल्याकडून कोणीही, कुठेही संपर्क करू नये.

आपली ग्राहक,
(सही)

सोबत : पावती, जाहिरातीची प्रत