बाबा, घराचं बक्षीसपत्र करू नका

ती. आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की घर आता तुम्हा दोघा भावंडांच्या नावावर करून टाकतो, बक्षीसपत्राचं वकिलांशी बोलणं झालंय, तेव्हा मी नुसतं बरं म्हटलं कारण ऑफिसात होते, पण रात्रभर झोप लागली नाही.

तुमच्या निळ्या डायरीत शेक्सपिअरची वाक्यं उतरवलीयत ना, त्यात लिअर राजाचं ते आहे, मूल कृतघ्न निघालं की ते सापाच्या दातापेक्षा जास्त लागतं, आणि त्याखाली तुम्ही लाल पेनने रेघ मारलीय. लहानपणी ते वाचलं की मला वाटायचं हे आम्हा भावंडांसाठीच लिहून ठेवलंय. नाटक मी आत्ता नीट वाचलं. जिवंतपणीच राज्य मुलींना वाटून तो मोकळा झालाय, स्वतःकडे ठेवलेत फक्त 100 सरदार, आणि मुली म्हणतात 50 बास झाले, मग 25, मग 10 तरी कशाला, 5 तरी कशाला, शेवटी थोरली-मधली मिळून एकावर येतात, एकाची तरी गरज काय? त्यावर तो जे म्हणतो ते तुमच्या डायरीत नाहीये बाबा, ते लिहून ठेवा: गरजेचा हिशोब करू नका, अगदी भिकाऱ्याकडेही गरजेपेक्षा काहीतरी जास्तीचं असतंच.

आई, गेल्या वर्षी मीच तुला म्हणाले होते, एवढ्या पितळी डब्यांची गरज काय. तू काही बोलली नाहीस, हातातला डबा पदराने पुसून परत फळीवर ठेवलास आणि आत गेलीस. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही गं. दादा-वहिनी खूप चांगले आहेत, पण हे वाक्य चांगल्या माणसांच्या तोंडूनही सहज निघून जातं आणि तेव्हा घर तुमच्या नावावर असलंच पाहिजे.

खुद्द शेक्सपिअरने काय केलं बघा, 1616 च्या मार्चमध्ये मृत्युपत्र केलं, एप्रिलमध्ये गेला, स्ट्रॅटफर्डचं मोठं घर थोरल्या सुझॅनाला ठेवलं पण ते आपल्या माघारी. बाबा, तुम्ही पण मृत्युपत्रच करा ना. कोणाला काय द्यायचं ते सगळं तुमच्या मनासारखं लिहा, मी एका शब्दाने विचारणार नाही.

काल दादाशी बोलले, त्यालाही पटलंय. मे महिन्यात येतेय, तेव्हा वकिलांकडे सगळे मिळून जाऊ, तोपर्यंत कुठेही सही करू नका. आणि आई, डबे आहेत तिथेच राहू देत, आल्यावर चिंच लावून मी घासून देते.

तुमचीच,
मनू