मंत्रीसाहेब, तुमच्या ॲपने माझ्या मुलीला पाणी प्यायला सांगितलं

माननीय आरोग्यमंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार. म्हणजे नुसताच नमस्कार, सप्रेम आज जरा जड जातंय.

मागच्या वर्षी तुम्ही किशोरवयीन मुलांसाठी मनाच्या आरोग्याचं ॲप काढलंत, "चोवीस तास सोबत" म्हणालात. मीच लेकीच्या मोबाईलमध्ये ते टाकून दिलं. ती पंधरा वर्षांची आहे. परवा रात्री दीडला तिने त्यात लिहिलं, उद्याची सकाळ होऊच नये असं वाटतंय. ॲपचं उत्तर: "शेअर केल्याबद्दल धन्यवाद! एक ग्लास पाणी प्या, पाच वेळा खोल श्वास घ्या." खाली समुपदेशकाचं बटण होतं, ते दाबलं तर वेळ सकाळी 10 ते 5. चोवीस तासांतले सात तास सोबत असं म्हणायचं होतं का तुम्हाला?

मला जाग आली ती तिच्या हुंदक्यांनी. उजाडेपर्यंत बसलो दोघी. आता डॉक्टरांकडे नेतेय, ती बोलतेय, बरी आहे. मी नाही बरी. रात्रीत तीनदा उठून तिच्या खोलीत डोकावते, ऑफिसात तिचा फोन उचलला गेला नाही की हातपाय गार पडतात, आणि हे ॲप मी स्वतःच्या हाताने टाकलं होतं हे काही डोक्यातून जात नाही.

बरं, लॉगिन करायचं तर ओटीपी कुठे? बापाच्या नंबरवर! जी गोष्ट पोरगी घरात सांगू शकत नाही म्हणून ॲपकडे गेली तिची घंटा आधी घरातच वाजणार. चार दिवस ॲप उघडलं नाही तर नोटिफिकेशन येतं, "तुमची साखळी तुटली!" अहो, अंथरुणातून उठवत नाही म्हणूनच उघडलं नाही ना तिने. आणि ती नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 चाचणी, तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचाच असतो. तो विचारायचा, उत्तर "हो" आलं की स्कोअर आणि एक स्मायली दाखवायची. पलीकडे माणूस बसवायचा नसेल तर विचारता कशाला?

जागतिक आरोग्य संघटना म्हणते 10 ते 19 वयात सातात एकाला मानसिक त्रास असतो, म्हणजे सातशे मुलांच्या शाळेत शंभर. त्यांना समुपदेशक किती? तुम्ही सांगता डाउनलोड किती. 2019 च्या एका अभ्यासात अशा ॲप्सचं बघितलं तर महिन्याभराने ती उघडणारे शंभरात तीन-चारच उरले होते. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशनाच्या कंपनीने लोकांची खाजगी माहिती जाहिरातवाल्यांना दिली म्हणून 2023 मध्ये 78 लाख डॉलर भरावे लागले. माझ्या मुलीने रात्री दीडला लिहिलेलं ते वाक्य आता कोणाच्या सर्व्हरवर पडलंय, हे तरी कळवा.

पण तुम्हाला एकट्याला काय बोलायचं, सगळीकडे हेच. तक्रार करायची तर ॲप, हजेरीला ॲप, ॲप बंद पडलं तर त्याची तक्रार करायला दुसरं ॲप. माणूस नेमायचा म्हटलं की फाइल अडते, पगार द्यावा लागतो. ॲपचं बरं असतं, टेंडर काढलं, फीत कापली, फोटो आला, संपलं.

रात्री फोन उचलणारी माणसं बसवा आणि तो ओटीपी काढा. एवढंच मागायला लिहायला बसले होते, बाकीचं आपोआप आलं.

उत्तर माणसाच्या हातचं पाठवा. ऑटो-रिप्लाय आलाय कालच, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे."

एक आई