हमीचे कार्ड नसलेल्या हॉबी बॉक्सबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक-सेवा विभाग,
पुणे केंद्र

विषय: 24 पॅकच्या सीलबंद बेसबॉल कार्ड बॉक्समध्ये झाकणावर कबूल केलेले हमीचे कार्ड (सहीचे किंवा रेलिक) नाही, 3 कार्डे कमी, 70 दुबार आणि एक क्रमांकित कार्ड यंत्रात दबलेले. बदली बॉक्स मिळण्याबाबत.

महोदय,

यंदाच्या 300 कार्डांच्या बेसबॉल संचाचा हा हॉबी बॉक्स (संग्राहकांसाठीचा सीलबंद बॉक्स) मी आपल्याच संकेतस्थळावरून मागवला. तो 11 जुलैला न्यू जर्सीत पोचला, 12 जुलैला उघडला आणि त्याच दिवशी तक्रार नोंदवली. 16 तारखेच्या आपल्या उत्तरात तीन मुद्दे होते: पॅकमध्ये काय निघेल हे नशिबावर असते, फोटोत जाड कार्ड दिसते म्हणजे हमीचे कार्ड मिळालेले आहे, आणि कार्डाची कड उघडताना दुमडली असावी. तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत. फोनवर आपल्या केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या की सविस्तर मराठीत लिहिले तरी चालेल, इथे नीट वाचले जाईल. म्हणून हे पत्र. ज्यांनी असा बॉक्स कधी हातात घेतलेला नाही त्यांनाही कळावे, अशा बेताने लिहितो आहे.

आधी मोजदाद. झाकणावर छापले आहे: 24 पॅक, प्रत्येकी 14 कार्डे. म्हणजे 336 कार्डे हवीत. निघाली 333. पॅक क्रमांक 9 मध्ये 13 आणि पॅक क्रमांक 17 मध्ये 12 होती. हे क्रमांक उघडण्याच्या क्रमाचे आहेत. बॉक्समध्ये पॅकच्या दोन रांगा असतात. डावी रांग पुढून मागे 1 ते 12, उजवी तशीच 13 ते 24, आणि प्रत्येक रिकाम्या रॅपरवर मार्करने आकडा घातला आहे. प्रत्येक पॅकमध्ये 2 कार्डे इन्सर्ट (संचाबाहेरच्या खास मालिकेतली) किंवा पॅरलल (बेस कार्डाचीच वेगळ्या रंगाची किंवा फॉइलची आवृत्ती) आणि बाकीची बेस (मूळ 300 च्या संचातली), अशी रचना आहे. त्या हिशेबाने 48 इन्सर्ट-पॅरलल पूर्ण भरली, आणि 288 ऐवजी 285 बेस कार्डे आली. कमी पडली ती तिन्ही बेस कार्डे आहेत.

आता मुख्य मुद्दा. झाकणावर ठळक अक्षरांत लिहिले आहे की प्रत्येक बॉक्समध्ये एक ऑटोग्राफ किंवा रेलिक कार्ड. ऑटोग्राफ म्हणजे खेळाडूच्या सहीचे कार्ड, रेलिक म्हणजे जर्सीचा किंवा बॅटचा तुकडा बसवलेले कार्ड. या बॉक्समध्ये दोन्ही नाहीत. आपण उत्तरात पॅकच्या पाठीवरचे प्रमाण दाखवले: 1:24, 1:96 वगैरे, म्हणजे 24 किंवा 96 पॅकमागे एक. ते प्रमाण संपूर्ण उत्पादनाची सरासरी असते हे मान्य. 1:24 लिहिलेले इन्सर्ट एका बॉक्समध्ये दोनदा येईल, दुसऱ्यात येणारच नाही. त्याबद्दल कोणी जाणकार तक्रार करणार नाही, मीही करत नाही. पण पॅकच्या पाठीवर ‘सरासरी’ हा शब्द छापलेला आहे आणि बॉक्सच्या झाकणावर तो नाही. पाठीवर लिहिली आहे ती शक्यता आणि झाकणावर लिहिले आहे ते वचन. हॉबी बॉक्सला रिटेल पॅकपेक्षा (साध्या दुकानांत सुट्या मिळणाऱ्या पॅकपेक्षा) जास्त पैसे मोजायचे ते या एका ओळीसाठी. ती ओळ पाळली गेली नाही, तर नशिबाचे नाव पुढे करता येणार नाही.

फोटोतले जाड कार्ड, ज्याला आपल्या उत्तरात रेलिक म्हटले आहे, ते पॅक क्रमांक 11 मधून निघालेले कोरे पांढरे पुठ्ठ्याचे कार्ड आहे. पुढेमागे काहीही छापलेले नाही. त्याला डिकॉय म्हणतात आणि ते आपणच मुद्दाम घालता. कारण असे की रेलिक कार्डात तुकडा बसवायला जागा लागते, म्हणून ते साध्या कार्डाच्या कित्येक पट जाड होते आणि पॅक फुगतो. दुकानात सुटे पॅक चिमटीत दाबून किंवा ग्रॅमच्या काट्यावर तोलून असे पॅक वेचून नेणारे लोक आहेत. त्यांना चकवण्यासाठी साध्या पॅकमध्येही जाड कोरा पुठ्ठा सरकवतात. योजना चांगली आहे, प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या फायद्याची आहे. पण या पुठ्ठ्याला हमीचे कार्ड म्हणून मोजणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडाला पाने पुसणे झाले. वरच्या 333 मध्ये मी तो धरलेला नाही.

दुबार कार्डांचा प्रकार बारकाईने पाहण्यासारखा आहे. छापलेले मोठे कागद कापून कार्डांचे गठ्ठे होतात, गठ्ठे भरणीच्या यंत्राच्या खणांत लागतात, आणि प्रत्येक खणातून एकेक कार्ड खाली पडत पॅकचा थर तयार होतो. त्यामुळे कार्डे ठरावीक क्रमाने येतात. एका बॉक्सचा क्रम दुसऱ्या बॉक्समध्ये पुन्हा दिसणे यात नवल नाही. पण एकाच बॉक्समध्ये तो पुन्हा येऊ नये म्हणून भरणीनंतर पॅक मिसळावे लागतात. इथे पॅक 13 ते 18 मधली बेस कार्डे पॅक 1 ते 6 मध्ये येऊन गेलेली आहेत, आणि तीही त्याच क्रमाने. पॅक 1 मध्ये वरून तिसरे कार्ड जे, तेच पॅक 13 मध्ये वरून तिसरे. पॅक 5 आणि 17 शेजारी मांडले तर 17 मध्ये नेमकी कोणती दोन कार्डे गळाली तेही सांगता येते: पॅक 5 मधली शेवटून दुसरी आणि तिसरी. अशी 70 कार्डे दुबार आहेत. 285 मधून 70 वजा जाता 215 वेगळी कार्डे उरतात. भरणी नीट असती तर 300 च्या संचातली 288 एका बॉक्समध्ये हाती लागली असती आणि उरलेली 12 बदलाबदलीत सहज मिळाली असती. आता 85 कमी आहेत. संच पुरा करणाऱ्यासाठी याचा सरळ अर्थ दुसरा बॉक्स विकत घेणे असा होतो.

आता दबलेले कार्ड. हे पॅक 17 मधले सोनेरी पॅरलल आहे, क्रमांक 25/99 (99 प्रतींपैकी 25 वी), नवख्या शॉर्टस्टॉपचे (दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाचे), त्यावर रुकीचे, म्हणजे पदार्पणाच्या वर्षातल्या खेळाडूचे, आरसी चिन्ह आहे. कार्डाच्या वरच्या कडेला सुमारे 6 मिलिमीटर रुंदीचा पट्टा चेपलेला आहे आणि त्या पट्ट्यावर समान अंतराच्या समांतर रेघा उमटल्या आहेत. पुढून खोलगट, मागून उंचवटा. उघडताना कड दुमडली तर एक घडी पडते, आडवी किंवा तिरकी, आणि घडीवर कागदाचा पांढरा गाभा दिसतो. इथे घडी एकही नाही. रॅपरच्या टोकाला जी दातेरी सीलपट्टी असते तिच्या रेघा आणि कार्डावरच्या रेघा जुळतात. रॅपर सपाट करून त्यावर कार्ड ठेवले की रेघेला रेघ लागते. सोबतच्या फोटो 6 मध्ये ते मोजपट्टीसह दाखवले आहे.

असे का झाले हेही उघड आहे. फॉइलची नळी पाठीवरच्या उभ्या शिवणीने बंद होत पुढे सरकते, कार्डांचा थर तिच्यात ढकलला जातो, आणि दोन पॅकच्या मधल्या जागेवर तापलेले दातेरी जबडे मिटतात. सील करणे आणि कापणे एकाच वेळी. थर सरळ नसला किंवा एखादे कार्ड पुढे घसरले, तर जबडा त्या कार्डावर मिटतो. फॉइलला फॉइल चिकटते, मध्ये कार्ड आले तर चिकटत नाही. रॅपर 17 च्या वरच्या सीलपट्टीत कार्डाच्या रुंदीइतका भाग सुटलेला आहे तो याच कारणाने. हे घरी करता येण्यासारखे नाही. याच पॅकमध्ये दोन कार्डे कमी आहेत, म्हणजे त्या क्षणी थर विस्कटलेला होता. एक कार्ड पावणेदोन ग्रॅमच्या आसपास भरते, दोन कमी म्हणजे साडेतीन ग्रॅमचा फरक. वजन तपासले असते तर हा पॅक बॉक्समध्ये पोचायला नको होता.

आणखी एक दोष लहान आहे पण नोंद व्हावी. इंद्रधनुषी फॉइलच्या पॅरललपैकी 6 कार्डांवर डाव्या कडेपासून 11 मिलिमीटरवर वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ आहे. सहा वेगवेगळ्या पॅकमधली कार्डे, सहा वेगळे खेळाडू, आणि रेघ एकाच जागी. हाताळणीचे ओरखडे असे एका मापात येत नाहीत. ही रोलरची रेघ आहे. दिव्याखाली कार्ड तिरके धरल्याशिवाय ती दिसत नाही, पण ग्रेडिंग करणारे, म्हणजे कार्डाची प्रत ठरवणारे, धरतात तिरकेच.

याउलट काही गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही. फॉइलची कार्डे किंचित वाकली आहेत. जुलैच्या दमट हवेत कागदाची बाजू ओल पिते आणि फॉइलची पीत नाही, म्हणून ती वाकतात. सपाट दाबून कोरड्या जागी ठेवली की बहुतेक सरळ होतात. काही बेस कार्डांची चौकट एका बाजूला 2 आणि दुसऱ्या बाजूला 4 मिलिमीटर आहे. सेंटरिंग (छपाई मध्यावर असणे) म्हणून ते वाईटच, पण कापणीत एवढे इकडेतिकडे होते हे ठाऊक असते. खरे दोष मोजूनमापून सांगितले आहेत, म्हणून त्यांच्याकडे तसेच पाहिले जावे.

मधल्या कोणी पॅक उघडून पुन्हा चिकटवले असावेत, असा आडून इशारा उत्तरात होता. बॉक्स आपल्याच गोदामातून आला, मधे विक्रेता नाही. बाहेरच्या प्लास्टिक आवरणावर आपली छापील मुद्रा अखंड होती. जुन्या काळी मेणकागदाचे पॅक इस्त्रीच्या उष्णतेने पुन्हा बंद करता येत. 1989 मध्ये अप्पर डेक या कार्ड-कंपनीने छेडछाड ओळखता येईल असे फॉइलचे पॅक बाजारात आणले. फॉइल पॅक पुन्हा चिकटवला तर पाठीच्या शिवणीवर गोंदाचा चकाकणारा माग राहतो, सीलपट्टीच्या रेघा दुहेरी दिसतात, किंवा पट्टी कापून नव्याने केल्याने पॅक आखूड होतो. चोवीसही रॅपर मी शिवणीच्या बाजूने उघडले आहेत, 17 च्या वरच्या पट्टीतला सुटलेला भाग सोडता दोन्ही टोकांच्या पट्ट्या शाबूत आहेत, लांबी सारखी आहे. आवरण फाडण्यापासून शेवटच्या कार्डापर्यंतचा सलग व्हिडिओ 12 जुलैच्या तक्रारीसोबतच पाठवला होता.

आपण भरपाई म्हणून दोन रिटेल पॅक देऊ केले आहेत. ते मला नको आहेत. रिटेल पॅकमध्ये हमी नसते, प्रमाण वेगळे असते, आणि दोन पॅकमधून 85 कार्डांची भर पडत नाही. माझी मागणी अशी:

याच वर्षीच्या याच संचाचा एक सीलबंद हॉबी बॉक्स द्यावा, दुसऱ्या संचाचा किंवा मागच्या वर्षीचा शिल्लक माल नको. तो शक्यतो वेगळ्या केसमधला असावा. एका केसमध्ये 12 बॉक्स असतात आणि भरणीचा दोष शेजारच्या बॉक्समध्ये असण्याचा संभव मोठा. या बॉक्सच्या तळाच्या पाकळीवरचा बॅच क्रमांक फोटो 2 मध्ये आहे, तो भरणी विभागाला कळवावा.

25/99 चे कार्ड पुन्हा छापता येत नाही, त्या क्रमांकाचे एकच असते. म्हणून त्याच्या जागी 99 किंवा त्याहून कमी प्रतींचे, याच वर्षीच्या रुकीचे, दोषरहित कार्ड द्यावे. कोणते देणार हे लेखी कळेपर्यंत दबलेले कार्ड मी पाठवणार नाही, कारण परत आलेले कार्ड नष्ट केले जाते आणि त्यानंतर माझ्या हातात दाखवायला काहीच उरत नाही. तोवर ते पेनी स्लीव्हमध्ये (पातळ प्लास्टिकच्या पिशवीत) घालून टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकच्या खोळीत) ठेवले आहे, कड सरळ करण्याचा कोणताही प्रयत्न केलेला नाही.

बॉक्स, आवरणाचे तुकडे, क्रमांक घातलेली 24 रॅपर, कोरा पुठ्ठा आणि 70 दुबार कार्डे वेगळी बांधून ठेवली आहेत. परतीचे लेबल पाठवलेत की दुसऱ्या दिवशी कुरियरला देतो. आपले लेखी उत्तर 5 ऑगस्टपर्यंत मिळावे. ते नशिबाबद्दल नसावे, झाकणावरच्या ओळीबद्दल असावे.

कळावे,

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या अर्जावर)

सोबत: फोटो 1 ते 9, खरेदीची पावती, पॅकनिहाय कार्डांची यादी