आरे-वारेच्या रस्त्याचे पैसे घेऊन निवळीमार्गे नेल्याबद्दल तक्रार

दि. २० जानेवारी

प्रति,
व्यवस्थापक, सहल विभाग

विषय: रविवार, दि. १८ जानेवारीची ‘रत्नागिरी – आरे-वारे – गणपतीपुळे – जयगड’ एकदिवसीय बस सहल, आसन क्र. ५ व ६.

महोदय,

वरील सहलीसाठी मी माझे व आईचे मिळून १७०० रुपये भरले होते. तुमच्या पत्रकावर सगळ्यात मोठा फोटो आरे-वारेच्या वळणाचा आहे आणि खाली ‘संपूर्ण प्रवास समुद्रकिनाऱ्याने’ असं छापलंय. तेवढ्यासाठीच आम्ही आलो. नुसतं गणपतीपुळ्याला जायला एसटी आहे, रिक्षा आहेत.

आईचं वय ७९. माहेर काळबादेवीचं, लग्न होऊन सांगलीला गेली. लहानपणी साखरतरची खाडी ती होडीने ओलांडायची. तिला त्या खाडीवरचा पूल बघायचा होता, आणि घाटी चढून वळणावर आल्यावर खाली दिसणाऱ्या आरे आणि वारेच्या पुळणी, मधला कातळ, सुरूचं बन. जाताना समुद्र डावीकडे राहतो म्हणून बुकिंगच्या वेळी मी मुद्दाम डावीकडची खिडकी मागितली. तुमच्या माणसाने ‘हो ताई, समुद्राकडचीच देतो’ म्हणून दिलीही.

सकाळी साडेसातला मारुती मंदिरहून बस सुटली ती शिरगावकडे न वळता साळवी स्टॉप, कुवारबाव करत हातखंब्याच्या दिशेने निघाली. मी लगेच विचारलं. निवळी फाट्यावर सहा प्रवासी घ्यायचे आहेत, असं उत्तर मिळालं. म्हणजे बस किनारा सोडून आतल्या निवळी-चाफे रस्त्याने जाणार हे तुमचं आधीच ठरलेलं होतं, फक्त आम्हाला सांगितलं नव्हतं. रस्ता बंद होता म्हणावं, तर माझा भाचा त्याच सकाळी आरे-वारेवरून स्कूटरने आमच्या आधी पुळ्याला पोचला होता.

आई पदराने चष्मा पुसून खिडकीशी बसली होती. चाफे गेलं तरी ती ‘साखरतर आलं का गं?’ विचारत होती. काय सांगायचं मी तिला? त्यावर तुमचा क्लीनर म्हणाला, ‘आजींना पुळ्यात समुद्रच दाखवणार आहोत की!’ हे मला फार लागलं. गणपतीपुळ्याचं दर्शन चांगलं झालं, जेवणाबद्दलही तक्रार नाही. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकात मात्र जेमतेम दहा मिनिटं दिली.

येताना आरे-वारेवरून आणू, असा शब्द चालकाने दिला होता आणि त्याने तो पाळला, गाडीही सांभाळून चालवली. पण जयगडहून निघायलाच सूर्यास्त झाला. वळणावर पोचलो तेव्हा मिट्ट काळोख. मी खिडकीची काच सरकवली, लाटांचा आवाज तेवढा आला. आई बराच वेळ बाहेर बघत राहिली आणि मग म्हणाली, ‘असू दे, ऐकला तरी.’

आता तिला सांगलीला परत नेणार आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे एवढा प्रवास तिला पुन्हा झेपेल असं वाटत नाही. त्यामुळे ‘पुढच्या सहलीत सवलत देऊ’ हा तुमच्या कार्यालयातून फोनवर सांगितलेला उपाय मला मान्य नाही.

आमचे १७०० रुपये पूर्ण परत करा. निवळीहून प्रवासी घ्यायचे असतील तर जाण्याचा मार्ग कोणता, हे पत्रकावर आणि तिकिटावर स्पष्ट छापा, आणि तसं केल्याचं मला लेखी कळवा. आम्ही पैसे मोजले ते त्या रस्त्यासाठी. तो दिवसाउजेडी न दाखवणं ही सेवेतील त्रुटी आहे. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
आसन क्र. ५ वरील प्रवासी

सोबत: तिकिटाची प्रत, पत्रकाचा फोटो